निमोण्याची लेक

माझ्या बहिणीच्या दिरानं माझ्या बहिणीला फसवलं. तिनं केलेलं गाणं त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं, आणि ज्यांना ज्यांना हे माहीत होतं ते सगळे गप्प बसले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी चिडलेला दिसेन, आणि चिडलेल्या माणसाचं कारण लोक विसरतात, चिडणं तेवढं लक्षात ठेवतात.

मी दौंडला मंडप आणि साऊंडचा धंदा करतो. मूळ गाव निमोणे, शिरूर तालुक्यातलं. शाळा अर्धवट सुटली तेव्हा शिरूरच्या एका मंडपवाल्याकडं कर्णे बांधायला लागलो. झाडावर चढायचं, कर्णा बांधायचा, वायर ओढायची आणि कार्यक्रम संपला की कोपर आणि अंगठा यांच्यात धरून तीच वायर पीळ न पडू देता गुंडाळायची. पुढं एक जुना अॅम्प्लिफायर घासाघीस करून मिळवला आणि दौंड गाठलं. शिरूरमध्येच मालकाच्या समोर दुकान टाकलं असतं तर मारामाऱ्या झाल्या असत्या, आणि माझा स्वभाव बघता त्या मीच सुरू केल्या असत्या.

धंद्यात मला लोक चिवट म्हणतात. जयंती असो, लग्न असो, हळदी असो, समोरचा भाव बोलायला लागला की मी त्याचं ऐकून घेतो आणि मग गप्प बसतो. नुसता गप्प. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही. तो काहीतरी बोलून ती भरून काढतो, आणि जे बोलतो ते बहुतेक वेळा माझ्याच फायद्याचं असतं. ही युक्ती मला कुठल्या व्यापाऱ्यानं शिकवली नाही. ती मी माझ्या बहिणीकडून उचलली, आणि तिला सौद्यातलं काहीही कळत नाही. भाजी घेताना ती सांगितलेला भाव देऊन येते.

आक्का माझ्यापेक्षा मोठी. तिला गाणी सुचतात. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही. लहानपणी आम्ही दोघं आईबरोबर कांदे काढायला जायचो, तेव्हा ती वाफ्यात वाकूनच काहीतरी गुणगुणायची. ओळ तयार व्हायची, पण मधला एखादा शब्द तिला पसंत नसायचा. मग त्या शब्दाच्या जागी ती "हं हं" म्हणायची आणि पुढं जायची. त्या जागी चालणारे शंभर शब्द मी सांगायचो. ती मान हलवायची. "थांब की. येईल त्याचा तो." दोनदोन दिवस ती जागा तशीच मोकळी राहायची. आणि मग पाणी शेंदताना किंवा केस विंचरताना ती एकदम थांबायची, आणि शब्द आलेला असायचा. तो ऐकला की वाटायचं, दुसरा कुठला बसलाच नसता.

जागा मोकळी ठेवायची आणि घाई करायची नाही, हे मी तिथं शिकलो. ती त्यातून गाणी करत गेली, मी त्यातून सौदे करत गेलो. माझ्या टेम्पोवर, माझ्या बेसच्या पेट्यांवर माझं नाव रंगवलेलं आहे. खरं तर कुठंतरी कोपऱ्यात तिचंही हवं होतं.

तिचं लग्न खुटबावला झालं. माणसं वाईट नाहीत. दाजी सरळ माणूस, दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर राबला, पोरं शिकवली. आक्का अंगणवाडीत मदतनीस झाली. तिथंही तिचं चालूच. अंडं न खाणाऱ्या पोरांसाठी तिनं अंड्याचं गाणं केलं, शेंबूड पुसायचं गाणं केलं, हात धुवायचं गाणं केलं. पोरं हात धुता धुता इतकी गायची की पाण्याची टाकी रिकामी व्हायची आणि बाई आक्कालाच ओरडायच्या. मी धंद्याच्या फेरीत खुटबाववरून गेलो की अंगणवाडीपाशी टेम्पो हळू करायचो. आत गाणं चाललेलं असलं की माझा पुढचा दिवस बरा जायचा. बाकी दिवसभर मी पैसे बुडवणाऱ्यांशी आणि हमालांशी भांडतच असतो.

मला कलाकारांचा पुळका आहे असं कुणी समजू नये. धंद्यात मी त्यांना पुरता ओळखून आहे. ते उशिरा येतात, माइक तोंडात घालतात, आवाज फाटला की माझ्याकडं बोट दाखवतात. पण खरी कला कुठली आणि नुसता आव कुठला, हे मिक्सरवर बसून बसून कळायला लागतं. आक्काचं गाणं खरं होतं.

ज्या गाण्याबद्दल मी भांडतोय, ते आई गेल्यानंतरचं.

त्या गाण्यातली गोष्ट माझ्यासमोर घडलेली आहे. आक्काला शिरूरच्या शाळेत घालायला आम्ही तिघं निमोण्याहून एसटीनं निघालो होतो. आक्काला खिडकीची जागा मिळाली होती. आई शेजारी बसली होती. मी पिशवी धरून उभा. पुढच्या थांब्यावर एक बाई लेकराला घेऊन चढल्या. त्यांच्याच रानात आई कामाला जायची. त्यांनी आक्काकडं बघून सहज, अगदी न रागावता, सांगितलं, "ए पोरी, सरक मागं. माझ्या लेकराला खिडकीला बसू दे." आक्का लगेच उठायला लागली. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली दाबलं. बाईंकडं तिनं बघितलंही नाही. आक्काला म्हणाली, "बस खिडकीला. तिकीट काढलंय तुझं." पुढं शिरूर येईपर्यंत तो हात खांद्यावरून निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून आईला त्या रानातलं काम नव्हतं.

आई गेल्यावर आक्कानं त्याचं गाणं केलं:

खिडकीला बस लेकी, मागं सरू नको,
तिकीट तुझ्याबी हाती, कुणा डरू नको.

आणि शेवटचं कडवं:

माय उतरली मधीच, गाडी गेली म्होरं,
सांगे निमोण्याची लेक, अजून लागतं वारं.

मी तिच्या स्वयंपाकघरात जेवत होतो, ती भाकरी थापत होती. भाकरी थापता थापताच तिनं मला ते पहिल्यांदा ऐकवलं. मला बोलता येईना, म्हणून मी भांडलो.

"वारं कुठनं आलं गं? त्या खिडकीची काच गच्च बसलेली होती. मी ढकलून बघितली होती. उघडतच नव्हती."

आक्कानं भाकरी उलटली. "व्हय," ती म्हणाली. "गाण्यात उघडली मी."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडं भजन असो, जलसा असो, जयंतीची गाणी असोत, गाणं करणारा माणूस शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. छापील कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. गाणं कुणाचं हे त्या एका ओळीवरून ठरतं. गाणारा कुणीही असो, शेवटच्या कडव्यात तो करणाऱ्याचं नाव घेतो, आणि घेतलंच पाहिजे. आक्काला सासरचं आडनाव लावून गाणं करायला लाज वाटायची आणि स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायला त्याहून जास्त. म्हणून ती "निमोण्याची लेक" म्हणायची. तिच्या सगळ्या गाण्यांच्या शेवटी तेवढंच. माहेरी आली की मैत्रिणींना ती गाणी ऐकवायची, हे आईचंही ऐकवलं होतं.

आता तिचा दीर. धाकटा. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, गळा लहानपणापासून गोड. तो गळा त्याचाच आहे, ते मी नाकारत नाही. माझ्या साऊंडवर मी त्याला ऐकलंय, वरच्या पट्टीत गेला की अंगावर काटा येतो. त्यानं गायन पार्टी काढली तेव्हा त्याच्याकडं आवाज होता, पेटी होती, ढोलकीवाला होता, कुरळे केस होते, फक्त गाणी नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. तो चुलीपाशी पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, टाका एखादं." आक्का टाकायची. चाल, शब्द, कुठं थांबायचं, कुठं ओढायचं, सगळं. पहिल्या जयंतीला त्यानं "निमोण्याची लेक" असंच म्हटलं. लोकांनी विचारलं, ही कोण? तेव्हा हसून म्हणाला, "आमच्या घरातली माउली." मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

मग त्याला लांबलांबची बोलावणी यायला लागली. पुण्यात जाऊन त्यानं गाणं रेकॉर्ड केलं आणि ते मोबाइलवर फिरायला लागलं.

मी ते पहिल्यांदा भांडगावला ऐकलं. हायवेच्या कडेला टेम्पोचं चाक काढून बसलो होतो आणि पंक्चरवाल्याचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून त्यानं नेमकं शेवटचं कडवं लावलेलं. "सांगे खुटबावचा लेक, अजून लागतं वारं."

मी त्याला म्हटलं, "फोन उचलू नको. वाजू दे."

"आवो मालक, फोन हाय, रेडिओ न्हाई," तो म्हणाला आणि उचलला.

एका गावाच्या जागी दुसरं गाव, एका लेकीच्या जागी एक लेक. एवढंच काम. ते "खुटबावचा" त्या चालीत नीट बसतसुद्धा नाही. "बा" वर त्याला जरा ओढावं लागतं, तिथं गाणं किंचित लंगडतं. कपड्याला ठिगळ लावल्यावर शिवण जशी बोटाला लागते, तशी ती जागा मला कानाला लागते. बाकी कुणाला लागत नाही.

त्याच दिवशी खुटबावला गेलो. आक्का एकटीच होती.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलंय मी. पोरानं लावून दाखवलं."

"मग?"

"मग काय. लोकांच्या तोंडी हाय नव्हं? कुणाच्या का नावानं हुईना."

"असं कसं कुणाच्या का नावानं? त्याची आई होती का त्या गाडीत? त्याला तर बहीणसुद्धा न्हाई! खिडकीला बस लेकी म्हणून कुणाला सांगतोय तो?"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

"माझं घर हाय हे," ती म्हणाली. तेवढंच. मग माझ्यासाठी पाट मांडत म्हणाली, "तू भांडून दौंडला जाशील. मला रोज सकाळी भावजींना चहा द्यायचा असतो. ज्याला चोर म्हटलं त्याला चहा कसा देतात, ते तूच सांग मला."

आपल्यात बहिणीच्या सासरी भावानं आवाज चढवायचा नसतो. चढवला तर भाऊ मोकळा होतो आणि बहीण अडकते. आयुष्यभर मी ज्याच्या त्याच्याशी आवाज चढवून उभा राहिलो, आणि जिथं खरी गरज होती त्या एका घरात मला पाहुणा म्हणून हात धुवून पाटावर बसायचं होतं. दाजी आले. त्यांना मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "धाकटा हाय. चार लोकांत त्याचं बरं चाललंय."

बाहेर बोलायचीही सोय नव्हती. गाणं आपल्या माणसांचं, जयंतीचं. त्यावर वाद काढला असता तर लोक म्हणाले असते, यांच्यात हे असंच, एकमेकांचे पाय ओढतात. हे वाक्य बाहेरच्या लोकांच्या तोंडून ऐकायला मला नको होतं, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं.

त्यानंतर आक्काची गाणी कमी झाली. अंगणवाडीपाशी टेम्पो हळू केला तरी आतून नुसता गलका यायचा. विचारलं तर म्हणायची, "वय झालं रं." वय बिय काही नाही. तिच्या गळ्याला कडी लावली गेली होती, आणि ती बाहेरून लावलेली होती.

म्हणून मी मला येतं ते केलं. सौदा केला.

निमोण्यात, आमच्याच गावात, जयंतीला त्या दिराच्या पार्टीला बोलावणं आलं. मला वाटलं, आता सापडला. निमोण्याच्या माणसांसमोर "खुटबावचा लेक" म्हणायला त्याची जीभ कशी रेटेल? माझ्या गावातल्या बायका आक्काबरोबर कांदे काढत वाढल्या आहेत. त्यातल्या निम्म्या बायकांना ती एसटीतली गोष्ट माहीत आहे. मी त्याला भेटायला गेलो. ओट्यावर बसलो. त्यानं स्वतः पाणी आणून दिलं. वागायला गोड आहे, ते वेगळंच.

"पाव्हणं, तुमच्या गावात गायचं म्हंजी मोठा साऊंड पायजे," तो म्हणाला.

"देतो की. मोठा देतो. माझा मीच बसतो मिक्सरवर. एक पैसा घेणार न्हाई."

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुम्ही? फुकट? तब्येत बरी हाय ना?"

"शेवटचं कडवं जसं होतं तसं म्हणायचं. निमोण्याची लेक. बस."

तो हसला. "आवो, गाणं म्हंजी काय म्हशीचं रेडकू हाय व्हय, कुणाच्या गोठ्यात जलमलं ते बघायला? लोकांचं झालं की ते."

"लोकांचं झालंय तर तुझं नाव कशाला पायजे त्यात?"

"पुरुषाच्या तोंडी निमोण्याची लेक बरं दिसत न्हाई."

"पहिल्या जयंतीला दिसलं की."

तो गप्प बसला. मीही बसलो. मी ती जागा मोकळी सोडली आणि थांबलो, आयुष्यभर थांबलोय तसा. शेवटी त्यानंच मांडीवर थाप मारली. "बरं. तुमच्या गावात तुमच्या मनासारखं. वहिनींचा मान ठेवतो. शब्द देतो." हातावर हात मारला. जिंकलो, असं मला वाटलं. आक्काला सांगितलं नाही, पण माहेरी कार्यक्रमाला यायला राजी केलं.

दिवस मावळायला आला होता. समाजमंदिरासमोरचं पटांगण भरलेलं, वर निळ्या पताका, पुढं बायका, मागं मोटरसायकलींवर पोरं. मी स्टेजच्या बाजूला, कापडी कनातीच्या आत, मिक्सर मांडून बसलो होतो. माझी ही जागा नेहमीचीच, बेसच्या पेट्यांच्या मागं, पुढं तारांचा गुंता, पाठीशी जनरेटर. तिथून सगळं ऐकू येतं, पण तिथल्या माणसाला कार्यक्रम संपेपर्यंत उठता येत नाही आणि तो कुणाला दिसतही नाही. कनातीच्या फटीतून मला आक्का दिसत होती, दुसऱ्या रांगेत, जुन्या मैत्रिणींमध्ये, अंगणवाडीची साडी नेसून.

गाणी झाली. मग तो माइक घेऊन पुढं आला आणि म्हणाला, आता ते गाणं. टाळ्या पडल्या. "पण त्याआधी," तो म्हणाला, "एका माउलीला मला स्टेजवर बोलवायचंय. या गावची लेक. माझी वहिनी, माझी दुसरी आई."

लोकांनी मागं वळून बघितलं. मैत्रिणींनी आक्काला ढकलून उठवलं. ती स्टेजवर चढली, पदर सावरत, घाबरलेली. जयंती कमिटीचे अध्यक्ष पुढं आले, आधीच ठरवून ठेवलेली शाल घेऊन. तिच्या खांद्यावर शाल, हातात नारळ आणि गुलाबाचं फूल. दीर खाली वाकला आणि त्यानं सगळ्यांदेखत तिच्या पायांना हात लावला. "हिच्या आशीर्वादानं मला हे गाणं सुचलं," तो माइकवर म्हणाला. "ही माउली नसती तर मी नसतो."

पटांगणात टाळ्यांचा नुसता पाऊस. बायका डोळे पुसत होत्या. किती गुणाचा दीर! आक्का नारळ धरून उभी. तिचं तोंड मला नीट दिसत होतं. ती नारळाची शेंडी बोटानं चापून बसवत होती.

मला तिथं कळलं की तो माझ्याहून मोठा सौदेबाज आहे. आपल्याकडं ज्यानं स्टेजवर शाल घेतली, त्याला पुन्हा तक्रार करायची सोय राहत नाही. सत्कार झाला म्हणजे हिशोब मिटला. उद्या आक्का म्हणाली असती की गाणं माझं, तर लोक म्हणाले असते, अगं, पाया पडला की तो तुझ्या, अजून काय पायजे? त्यानं चोरीचा माल परत केला नव्हता, तर मालकिणीलाच बक्षीस देऊन गप्प केलं होतं. आणि त्याची माइकवरची गोडगोड भाषा घराघरात पोचावी म्हणून आवाज मीच साफ लावून दिला होता.

गाणं सुरू झालं. आक्काला त्यानं स्टेजवरच खुर्ची दिली. शेवटचं कडवं जवळ आलं तसा माझा हात त्याच्या माइकच्या बटणावर गेला. मला अजून आशा होती. शब्द दिला होता त्यानं. "माय उतरली मधीच, गाडी गेली म्होरं..." आणि पुढच्या ओळीला त्यानं छाती भरून घेतली, आणि मला त्या श्वासावरूनच कळलं. "बा" वर ओढायचं असलं की माणूस श्वास जास्त घेतो.

"सांगे" झालं आणि मी बटण खाली ओढलं. माइक मेला. पेटी, ढोलकीही थांबली, कारण वाजवणारे दचकून वर बघायला लागले. एवढ्या मोठ्या पटांगणात एकदम शांतता.

जागा मोकळी सोडली होती मी. माझ्या गावासमोर. ज्या बायका तिच्याबरोबर वाफ्यात वाकल्या, ज्यांनी ती चाल तिच्या तोंडून ऐकली, त्यांच्यासमोर. एकीनं जरी म्हटलं असतं "निमोण्याची लेक", तरी मागून सगळ्यांनी म्हटलं असतं. मी थांबलो.

आणि पटांगण म्हणालं. सगळं पटांगण, एका सुरात, हात वर करून, आनंदानं: "खुटबावचा लेक, अजून लागतं वारं!"

"बा" वरसुद्धा बरोबर ओढलं. मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

त्यांना वाटलं माइक गेला, आपण गायकाला साथ द्यावी. त्याला वाटलं साऊंडवाल्यानं मुद्दाम युक्ती केली, लोकांना गायला लावायची. कार्यक्रम संपल्यावर तो कनातीत आला आणि मला मिठी मारली. "पाव्हणं, काय आयडिया केली! निमोणं पेटवलं तुम्ही!" मग कानापाशी म्हणाला, "आन् वहिनींचा मान केला का न्हाई? एका ओळीपरीस मोठा केला. रागावू नका." मी त्याची कॉलर धरली. धरली आणि बघितलं, तर कनातीचा पडदा बाजूला करून आक्का उभी होती, खांद्यावर शाल, हातात नारळ. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी कॉलर सोडली. चुरगळली होती, ती त्यानंच सारखी केली.

"आवाज कशाला बंद केलास?" आक्का मला म्हणाली. "निदान त्याच्या एकट्याच्याच तोंडचं ऐकलं असतं मी."

ती आता गाणी करत नाही असं नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडं गेलो तर परसात भांडी घासताना काहीतरी चाललेलं होतं. नवीन. चांगलं होतं, मी दाराआड उभा राहून ऐकलं. अंगणवाडीत येताना रडणाऱ्या आणि जाताना निघायलाच तयार नसणाऱ्या पोराचं गाणं. ते मधेच संपलं. मी पुढं होऊन विचारलं, "शेवटचं कडवं?"

"करत न्हाई आता शेवटचं," ती म्हणाली. तिनं राखेत हात बुडवला आणि तवा घासायला घेतला.

त्या दिराकडून मी आता काही मागत नाही. तो चोर आहे. चोराशी सौदा करून बघितला, फसलो. मला विचारायचंय ते निमोण्याला. माझ्या गावाला. तुम्हाला माहीत होतं. मैत्रिणींनो, तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. अध्यक्ष, शाल आणायच्या आधी ती कशासाठी हे तुम्ही एकदा तरी विचारलं का? तुमच्याच अंगणात, तुमच्याच लेकीला समोर बसवून, माइक बंद असताना, कुणी सांगितलेलं नसताना, तुम्ही तिच्या जागी दुसऱ्याचं नाव म्हटलंत. आणि ती ते बसून ऐकत होती.

यंदाच्या जयंतीची बैठक समाजमंदिरात व्हायचीय, आणि साऊंडसाठी तुमचा फोन मला येऊन गेलाय. मी येणार आहे. दराचं, पेट्यांचं, जनरेटरचं नंतर बोलू. आधी सगळ्यांसमोर तुम्ही मला याचं उत्तर द्यायचं: ती लेक कुणाची होती, आणि तुम्ही तिला का सोडलंत?